पुढचं चाक काढायला षटकोनी पाना कुठे मिळेल? (आर १२०० जीएस, सांगली)

सांगलीचा स्वार | शनिवार, सकाळी ९:१०

मंडळी नमस्कार,

तीन महिन्यांपूर्वी बीएमडब्ल्यूची आर १२०० जीएस मोटारसायकल घेतली, वापरलेली. आधीच्या मालकांनी गाडी जिवापाड जपली आहे, फक्त सीटखालची पान्यांची पिशवी काही मिळाली नाही. पुढचा टायर आता पार गुळगुळीत झालाय. नवा १९ इंची टायर मागवून घरात आणून ठेवला आहे. इथल्या टायरवाल्याने सरळ सांगितलं, "चाक सुटं करून आणा, टायर मी नीट चढवून देतो, पण या गाडीला मी हात लावणार नाही." त्याचं मला पटलं.

काल संध्याकाळी सगळे पाने मांडून बसलो, तर एक्सलला (चाकाच्या आसाला) डोकंच नाही! नटही नाही. पोकळ नळी आणि तिच्या आत षटकोनी खाच. माझ्याकडच्या अ‍ॅलन की १० पर्यंत. गावातली चार हार्डवेअरची दुकानं पालथी घातली, सगळ्यात मोठी १४ ची मिळाली, ती त्या खाचेत लुडबुडते. एका गॅरेजवाल्याने छिन्नी लावून हातोडीने फिरवून द्यायची तयारी दाखवली. मी हात जोडून गाडी परत आणली.

प्रश्न एवढाच: हा पाना नेमका कोणत्या मापाचा, त्याला दुकानात काय म्हणून मागायचं, आणि पुण्या-मुंबईला न जाता काही करता येईल का?

बोहरी आळीचा वारकरी | शनिवार, सकाळी ९:४२

छिन्नीला नकार दिलात, फार बरं केलंत.

जीएसचा पुढचा एक्सल २२ चा असतो. तरी माझ्या शब्दावर खरेदी करू नका, आधी व्हर्नियर लावून मोजा. मोठ्या गाड्यांत १७, १९, २२ आणि २४ अशी चार मापं नेहमी दिसतात. माझ्या व्ही-स्ट्रॉम ६५० ला तर १२ चीच अ‍ॅलन की लागते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत माप वेगळं निघतं, त्यामुळे "अमक्या गाडीला हे बसतं" या ऐकीव माहितीवर पैसे घालवू नयेत.

मोजताना व्हर्नियरचे आतले जबडे समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंवर टेकवा, कोपऱ्यांवर नको. २२ च्या षटकोनाचं कोपरा ते कोपरा अंतर २५.४ येतं आणि माणूस २५ चा पाना शोधत बसतो. तिन्ही जोड्या मोजा. एखादी जोडी जास्त भरली, तर आधी कुणीतरी चुकीचा पाना लावून खाच खराब केलेली आहे असं समजा.

सांगलीचा स्वार | शनिवार, सकाळी ११:०५

धाकट्या भावाच्या वर्कशॉपमधून व्हर्नियर आणला. तिन्ही बाजूंनी २२.१. खाच स्वच्छ आहे, कोपरे शाबूत आहेत. आत थोडी जुनी ग्रीस आणि माती होती, ती ब्रशने काढली.

माळावरची बुलेट | शनिवार, सकाळी ११:३०

दादा, एवढा विचार कशाला? २१ ची प्लगची गोटी (सॉकेट) असते ना, तिच्यावर टेप गुंडाळा आणि घाला आत. नाहीतर एखादा मोठा बोल्ट घेऊन त्यालाच दांडा वेल्ड करून टाका. आम्ही ट्रॅक्टरला असंच करतो.

भोसरीची मोजमापवाली | शनिवार, दुपारी १२:१५

बुलेटवाले दादा, ट्रॅक्टरचं मान्य. इथे २१ चालणार नाही, आणि का ते सांगते. मी रोज गेजेस घेऊन काम करते.

२२ च्या खाचेत २१ चा षटकोन घातला की तो पकड घेण्याआधी साधारण ५ अंश मोकळा फिरतो. मग टेकतो तो फक्त सहा कोपऱ्यांवर, सपाट बाजूंवर नाही. सगळा जोर त्या सहा रेषांवर येतो. एक्सल म्हणजे पातळ भिंतीची नळी, तिचे कोपरे दबले की खाच गोल होते. एकदा गोल झाली की मग खरंच वेल्डिंग मारून काढावी लागते आणि नवा एक्सल घ्यावा लागतो. टेपने फट दिसेनाशी होते, पण जोर पडला की टेप चेंगरते.

आता एक्सल असा का बनवतात तेही सांगते, कारण ते कळलं की काढण्याचा क्रम पाठ करावा लागत नाही. जुन्या गाड्यांत सळईसारखा भरीव एक्सल आणि दोन्ही बाजूंना किंवा एका बाजूला नट असतो. या गाड्यांत मोठ्या व्यासाची पण पोकळ नळी वापरतात: वजन कमी आणि वाकायला जास्त विरोध. नळी फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या जोडीच्या) एका पायाच्या आट्यांत घट्ट बसते आणि बेअरिंग, स्पेसर, चाक यांना एकत्र दाबून धरते. पिंच बोल्टचं काम वेगळं: आवळला की फोर्कचा पाय चिमट्यासारखा एक्सलला धरतो. म्हणून सोडवताना आधी पिंच बोल्ट ढिला करायचा, मग एक्सल. पिंच बोल्ट आवळलेला असताना एक्सलवर ताकद लावणं म्हणजे दार कुलूपबंद असताना खांदा देणं.

नागदेवीचा जुना गिऱ्हाईक | शनिवार, दुपारी १२:५०

ताईंनी यंत्राचं सांगितलं, मी दुकानाचं सांगतो. तुमचा शोध चुकतोय तो दुकानाच्या प्रकारात. घरगुती हार्डवेअरवाला १० किंवा १४ च्या वर अ‍ॅलन की ठेवत नाही, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला ती लागतच नाही. पण कारखान्यात, प्रेस टूल आणि डाय बसवणाऱ्यांना रोज लागते. अ‍ॅलन बोल्टच्या जाडीनुसार चावी ठरलेली असते: एम २० च्या बोल्टला १७ ची, एम २४ ला १९ ची, एम ३० ला २२ ची. तेव्हा "मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा पाना द्या" असं म्हणू नका. "एम ३० च्या अ‍ॅलन बोल्टची चावी, २२ एमएम" असं म्हणा. मी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हे वाक्य बोललो आणि माणसाने मान वर न करता खणातून काढून दिली. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतही हीच भाषा चालते. तुम्हाला कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत मशिनरीची दुकानं जवळ आहेत, तिथे विचारा.

एक अडचण मात्र येईल. ती एल आकाराची चावी असते. तिने एक्सल सुटेल, पण परत आवळताना टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) लावता येणार नाही. त्यावर उपाय असा: चावीच्या लांब बाजूचा ५०-६० मिमीचा तुकडा ग्राइंडरच्या कटिंग चाकाने कापून घ्या. हॅकसॉने कापलं जाणार नाही, पोलाद कडक केलेलं असतं. कापताना मध्ये मध्ये पाण्यात बुडवा, तांबडं होऊ देऊ नका, नाहीतर कडकपणा जातो. हा तुकडा अर्धा २२ च्या गोटीत, अर्धा एक्सलमध्ये. झाला तुमचा पाना, आणि त्याला टॉर्क रेंचही लावता येतो.

माळावरची बुलेट | शनिवार, दुपारी १:२०

ताई, तुमचं म्हणणं पटलं. टेपचं मागे घेतो.

सांगलीचा स्वार | शनिवार, संध्याकाळी ६:३५

दोन दुकानं बंद, तिसऱ्यात १९ पर्यंतच. पण तिथल्या मुलाने एक युक्ती सांगितली: बोल्टचं डोकंच षटकोनी असतं, तेव्हा ज्या बोल्टचं डोकं २२ चं तो उलटा घालायचा, डोकं एक्सलच्या आत, आणि बाहेर आलेल्या आट्यांवर दोन नट एकमेकांवर आवळायचे. एम १४ चं डोकं २२ असतं म्हणाला. आनंदाने एम १४ घेऊन आलो. घरी मोजलं तर २१! दुकानातल्या तक्त्यात २२ लिहिलेलं मी स्वतः पाहिलं होतं. कुठे चुकलं?

श्टुटगार्टचा कोल्हापूरकर | शनिवार, रात्री ८:१०

कुणाचंच चुकलं नाही. तक्ता जुना आणि बोल्ट नवा.

जुन्या जर्मन डीआयएन मानकात एम १० चं डोकं १७, एम १२ चं १९ आणि एम १४ चं २२. नंतरच्या आयएसओ मानकात हीच डोकी १६, १८ आणि २१ झाली. एम १६ दोन्हीकडे २४ च राहिलं. इकडे जर्मनीतसुद्धा दोन्ही प्रकार शेजारशेजारच्या डब्यांत असतात आणि मी स्वतः याच फरकाने फसलो आहे. भारतीय मानकही आता आयएसओच्या मापांनी जातं, पण बाजारात जुन्या मापाचा माल भरपूर आहे. म्हणून बोल्ट नावावरून घ्यायचा नाही, दुकानातच डोक्यावर व्हर्नियर लावायचा.

त्यापेक्षा लांब नट शोधा, ज्याला कपलिंग नट म्हणतात. दोन आट्याच्या सळया जोडायला वापरतात. व्यासाच्या तिप्पट लांब असतो, म्हणजे एम १४ चा ४२ मिमी. डीआयएन मापाचा असेल तर बाहेरून २२ भरतो. अर्धा एक्सलमध्ये, अर्ध्यावर २२ चा रिंग पाना. बाकी काही जोडायचं नाही, सुटायलाही काही नाही. एम १४ चा मिळणं मात्र थोडं कठीण, फॉल्स सीलिंगवाल्यांकडे एम ८, एम १०, एम १२ सहज असतात. ज्यांचा एक्सल २४ चा आहे त्यांना एम १६ चा चालतो आणि तो सगळीकडे मिळतो.

बोहरी आळीचा वारकरी | शनिवार, रात्री ८:४०

लांब नट नाहीच मिळाला आणि २२ डोक्याचा बोल्ट मिळाला, तर दोन नटांच्या युक्तीत पाना कोणत्या नटाला लावायचा? मी दोनदा बाहेरच्या नटाला लावला आणि दोन्ही वेळा नटच सुटून हातात आले.

भोसरीची मोजमापवाली | शनिवार, रात्री ९:०५

सोडवताना आतल्या नटाला, म्हणजे डोक्याच्या जवळच्या. तुम्ही घड्याळाच्या उलट फिरवता तेव्हा तो नट बाहेरच्या नटाकडे सरकू पाहतो आणि तिथेच अडतो, म्हणून दोघं अधिकच घट्ट होतात. बाहेरच्याला पाना लावलात तर तो मोकळा होऊन निघून येणार. परत आवळताना बरोबर याच्या उलट, बाहेरच्या नटाला. स्टड काढायची आणि बसवायची हीच रीत आहे, कुठल्याही फिटरला विचारा.

तरी खरं सांगू? सोडवायला ही युक्ती ठीक, घाटात अडकलात तर देवासारखी. पण घरी वेळ हाताशी असताना कशाला? एम १४ च्या डोक्याची उंची जेमतेम ९ मिमी, तेवढ्यावरच सगळा जोर. मला त्यापेक्षा जास्त पकड हवी असते.

उद्यमनगरचा टर्नर | रविवार, सकाळी ७:२०

धागा रात्री वाचला. सांगलीकर, तुम्ही कोल्हापूरपासून तासाभरावर आहात आणि एवढी धडपड करताय!

षटकोनी ब्राइट बार नावाची वस्तू असते. सळईच षटकोनी येते, १७, १९, २२, २४ सगळ्या मापांत. नट आणि फिटिंग करणारे लेथवाले हीच वापरतात. कोणत्याही टर्निंगच्या शॉपमध्ये बारची टोकं उरलेली असतात. २२ चा ६० मिमीचा तुकडा मागा. तोंडाला थोडा चॅम्फर मारून (कडा तिरकी कापून) घ्या, म्हणजे खाचेत अलगद बसेल. बार मापापेक्षा केसभर कमीच असतो, जास्त कधीच नसतो, त्यामुळे तुमच्या २२.१ मध्ये बोटाच्या दाबाने जाईल.

मटेरियल विचारून घ्या. ईएन १ ए मऊ असतं, कापायला सोपं म्हणून सगळीकडे तेच पडलेलं असतं. एकदोनदा चालेल, नंतर कोपरे दबतात. ईएन ८ मागा. आणि गोटी सहा कोनांची घ्या, बारा कोनांची नको. बारा कोनांची गोटी बारच्या कोपऱ्यांवरच टेकते.

शिवाजी उद्यमनगरात आलात तर माझ्याकडे २२ चं ईएन ८ चं टोक आहे. पैसे नको, चहा पाजा.

सांगलीचा स्वार | रविवार, सकाळी ७:४५

काका, निघालोच.

सांगलीचा स्वार | रविवार, रात्री १०:१५

चाक निघालं, टायर बसला, चाक परत चढलं. आता सविस्तर लिहितो, पुढच्याला उपयोगी पडेल.

काकांनी माझ्यासमोर तुकडा कापला, दोन्ही टोकांना चॅम्फर मारला आणि मधोमध एक खूण केली: इथपर्यंत एक्सलमध्ये, इथून पुढे गोटीत. चहा मी पाजणार होतो, शेवटी तोही त्यांनीच पाजला. साडेबाराला घरी.

गाडी सेंटर स्टँडवर घेतली, फरशीवर, खाली प्लायचा तुकडा टाकून. पुढचं चाक उचलण्याआधीच, म्हणजे टायर जमिनीवर असताना, पिंच बोल्ट आणि एक्सल फक्त किंचित ढिले करून घेतले. हे मला महत्त्वाचं वाटलं. गाडी हवेत असताना लांब दांड्याने जोर लावला तर स्टँडवरून ढकलली जाऊ शकते. पिंच बोल्ट ढिला केल्यावर एक्सल अर्ध्या मीटरच्या दांड्याने एका दमात हलला. हातोडी नाही, उष्णता नाही, काही नाही. परवा तीच गाडी छिन्नीखाली जाणार होती हे आठवून अंगावर काटा आला.

मग मागच्या कॅरियरवर वाळूच्या दोन पिशव्या ठेवल्या, पुढचं चाक आपोआप उचललं गेलं, आणि आधाराला इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवला. ब्रेकचे दोन्ही कॅलिपर काढून सुतळीने हँडलला टांगले, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू दिले नाहीत. पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा घातला. घरात सगळ्यांना ताकीद दिली की ब्रेकच्या लिव्हरला कुणी हात लावायचा नाही. एबीएस सेन्सरच्या वायरीवर ताण येणार नाही असं बघितलं. चाक बाहेर येताना दोन्ही बाजूंच्या स्पेसरचे आधी मोबाइलवर फोटो काढले, मग डाव्या-उजव्या वेगवेगळ्या वाटीत ठेवले.

टायरवाल्याने शब्द पाळला, रिमला एक ओरखडा नाही. फिरण्याच्या दिशेचा बाण मीच दोनदा तपासला.

बसवताना एका ठिकाणी अडलो होतो, तेव्हा भोसरीच्या ताईंना निरोप पाठवला. त्यांनी जे सांगितलं ते त्यांनीच इथे लिहावं.

भोसरीची मोजमापवाली | रविवार, रात्री १०:५०

अभिनंदन! लिहिते.

एक्सल पुसून त्यावर ग्रीसचा पातळ थर. आट्यांना ग्रीस नको, पुस्तकात सांगितलं असेल तरच, कारण ग्रीस लावलेल्या आट्यांवर टॉर्कचा तोच आकडा प्रत्यक्षात जास्त ताण देतो. एक्सल आधी गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कला आवळायचा, पिंच बोल्ट तेव्हा मोकळाच. मग कॅलिपर बसवून लिव्हर दाबत राहायचं, पॅड डिस्कला लागेपर्यंत. ही पायरी विसरलात तर पहिल्या वळणावर ब्रेक लागणार नाही. त्यानंतर गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरायचा आणि चार-पाच वेळा पुढचा भाग जोरात दाबायचा. त्याने फोर्कचा मोकळा पाय एक्सलवर आपली जागा घेतो. आणि शेवटी पिंच बोल्ट.

सांगलीकर दादांनी पिंच बोल्ट आधी आवळायला घेतला होता. तसं केलं तर पाय तिरका अडकून राहतो, फोर्क जड चालतो आणि सील लवकर जातात. पिंच बोल्ट एम ८ चे असतात, साधारण २० न्यूटन मीटरच्या आसपास. अर्ध्या इंची मोठ्या टॉर्क रेंचवर एवढा लहान आकडा नीट येत नाही, छोटा रेंच घ्या. अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले तर पाना शोधण्यापेक्षा मोठं काम मागे लागतं.

सांगलीचा स्वार | रविवार, रात्री ११:०५

पुढचा भाग दाबताना चौथ्या झटक्याला हलका "टक्" आवाज आला आणि उजवा पाय केसभर सरकलेला डोळ्यांना दिसला. तो अडकूनच राहिला असता. ताई, आभार कसे मानू कळत नाही.

५० किलोमीटर चालवून परत दोन्हीकडे टॉर्क तपासला, हललेला नाही.

मडगावचा ट्रायम्फवाला | सोमवार, सकाळी ८:३०

छान धागा. माझ्या स्ट्रीट ट्रिपलला मोजून १७ आला. गोव्यात लेथवाला शोधू की दुसरं काही?

नागदेवीचा जुना गिऱ्हाईक | सोमवार, सकाळी ८:५५

१७ असेल तर तुमचं काम सोपं आहे. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गिअरबॉक्सच्या तेलाच्या प्लगला १७ चीच अ‍ॅलन लागते. त्या गाड्यांचं काम करणाऱ्या कोणत्याही मेकॅनिककडे अर्ध्या इंची गोटीवर बसवलेली तयार १७ ची मिळेल. तीच विकत घ्या, कापाकापी नको.

माळावरची बुलेट | सोमवार, सकाळी ९:३०

टर्नर काका, २४ चं टोक आहे का? मित्राच्या हायाबुसाला हवं आहे. मोजून घेतलंय, तिन्ही बाजूंनी.

उद्यमनगरचा टर्नर | सोमवार, दुपारी १:१०

२४ चं आहे, पण ईएन १ ए मधलं. गुरुवारी ईएन ८ चा बार येतोय, तेव्हा या. व्हर्नियर घेऊन या, माझ्यासमोर एकदा मोजू.